बाजारात हवं तसं मशीन मिळेना, म्हणून या लोहाराने स्वतःच बनवलं!

यूट्यूबवर एखाद्या पठ्ठ्याने घरातच सीएनसी मशीन जोडल्याचा व्हिडिओ दिसला की आपल्यालाही खुमखुमी येते. मग प्रश्न पडतो, सुटे भाग आणून स्वतः बनवावं की सरळ तयार मशीन घ्यावं?

सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधला एक कारागीर याच वळणावर उभा होता. फरक एवढाच, की त्याला हवं तसं मशीन दुकानात मिळतच नव्हतं. त्याचं नाव हेन्री मॉडस्ले.

मॉडस्लेचा जन्म १७७१ सालचा, लंडनजवळच्या वुलिचमधला. बाराव्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसं भरायला लागला. पुढे सुतारकाम आणि मग लोहारकाम. हात इतका सफाईदार, की अठराव्या वर्षी लंडनच्या जोसेफ ब्रामाने त्याला बोलावून घेतलं.

ब्रामाचं कुलूप कुणालाही फोडता येत नव्हतं. अडचण अशी, की हाताने बनवताना ते फार महाग पडायचं. मॉडस्लेने कुलपाचे भाग बनवणारी यंत्रंच तयार केली. पगार मात्र आठवड्याला ३० शिलिंग. घर वाढलं, त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नकार दिला. १७९७ साली मॉडस्लेने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ छोटं वर्कशॉप थाटलं.

तेव्हा स्क्रूचे आटे बहुतेक हातानेच पाडले जायचे. त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसत नसे. मशीन खोललं तर कोणता नट कोणाचा, हे लक्षात ठेवावं लागे.

यावर उपाय म्हणजे आटे पाडणारं लेथ. पण खरी मेख इथेच होती. अचूक स्क्रू कापायचा तर लेथमध्ये आधीच एक अचूक स्क्रू हवा. म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी!

मॉडस्लेने तिरक्या धरलेल्या पात्याने लाकडावर आणि मऊ धातूवर आटे पाडून पाहिले. त्यातून चांगला स्क्रू निवडून तो लेथमध्ये बसवला. हत्यार हातात न धरता सरकत्या लोखंडी पकडीत घट्ट बसवलं. गिअर बदलले की हव्या त्या मापाचे आटे पडत. असे प्रयोग आधीही झाले होते, पण रोजच्या कामाला टिकेल असं दणकट, अचूक लेथ मॉडस्लेने रुजवलं.

पुढचं काम ब्रिटिश नौदलाचं आलं. जहाजांच्या दोरांसाठी दरवर्षी सुमारे एक लाख लाकडी कप्प्या लागायच्या आणि त्या कंत्राटदारांकडून विकत घेतल्या जायच्या. मार्क ब्रुनेलने त्या यंत्रावर बनवायची योजना आखली. यंत्रं घडवली मॉडस्लेने, तब्बल ४५. १८०८ मध्ये पोर्ट्समथच्या कारखान्यात १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. ११० कुशल कारागिरांचं काम १० साधे कामगार करू लागले. सोय नौदलाची झाली, पण कारागिरांच्या हातची कला तिथे बिनकामाची ठरली.

१८३१ साली मॉडस्ले गेला. त्याच्या तालमीत तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांची प्रमाण मापं मांडली. आज कुठलाही नट त्याच मापाच्या बोल्टला बसतो, त्यामागे ही परंपरा आहे.

मग आपल्या सीएनसीचं काय? मॉडस्लेने बनवलं, कारण त्याशिवाय पर्याय नव्हता. त्याने ज्या स्क्रूसाठी इतका घाम गाळला, तो आज ऑनलाइन मिळतो. म्हणून आधी स्वतःला विचारा, तुम्हाला मशीनवर वस्तू बनवायच्या आहेत की मशीनच समजून घ्यायचं आहे? वस्तू हव्या असतील तर तयार मशीन घ्या आणि कामाला लागा. मशीन शिकायचं असेल तर जरूर बनवा, फक्त स्क्रू तेवढा चांगला विकत आणा. स्क्रूच चुकला, तर त्यावर बनणाऱ्या प्रत्येक वस्तूचं माप चुकेल.