बोटावरची शाई आणि म्हैसूरचा राजा

मतदान केंद्रावर दुसऱ्या क्रमांकाचे मतदान अधिकारी म्हणून ज्यांनी कधी काम केले आहे, त्यांना टेबलावरचा तो वाळूचा डबा नक्की आठवत असेल. शाईची कुपी कलंडू नये म्हणून ती वाळूत रोवून ठेवायची. मतदाराच्या डाव्या तर्जनीला तेल लागलेले नाही ना हे पाहायचे, लागले असल्यास फडक्याने पुसायचे. आणि नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या तळापर्यंत रेघ ओढायची. मतदान संपेपर्यंत हेच काम शेकडो वेळा करावे लागते. समोरचा माणूस सचिव आहे की सफाई कामगार, याचा त्या रेघेच्या लांबीवर काहीही परिणाम होत नाही. भारतीय लोकशाहीतील समतेचा इतका साधा आणि इतका रोकडा पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

ही शाई येते ती म्हैसूरहून. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे सूत्र आणि म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्याचे उत्पादन अशी ही जोडी जमली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी या कारखान्याने २६ लाखांहून अधिक कुप्या पुरवल्या. या कारखान्याची स्थापना १९३७ मध्ये ‘मैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ या नावाने झाली आणि ती करणारे होते म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार. ज्यांची सत्ता कधीही मतपेटीवर अवलंबून नव्हती, अशा राजाच्या कारखान्याने प्रजासत्ताकातील मतदाराच्या बोटावर खूण उमटवावी, हा इतिहासातील योगायोग खरा. पण तो निव्वळ योगायोग नव्हे.

कोल्हापूरशी जुळणारे धागे

नाल्वडी म्हणजे चौथे. कृष्णराजांचा जन्म ४ जून १८८४ चा. वडील चामराजेंद्र वडियार १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यात निधन पावले, तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. मातोश्री वाणीविलास यांनी रीजंट म्हणून सात वर्षे राज्य सांभाळले. या काळात बालराजाच्या शिक्षणाची जबाबदारी ज्या स्टुअर्ट फ्रेझर यांच्याकडे सोपविण्यात आली, त्यांनीच तत्पूर्वी कोल्हापूरच्या शाहू महाराजांना शिकविले होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा धागा महत्त्वाचा आहे. शाहू महाराजांनी राज्याच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो २६ जुलै १९०२ रोजी. त्यानंतर तेराच दिवसांनी, ८ ऑगस्ट १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत कृष्णराजांनी म्हैसूरची सूत्रे हाती घेतली. पुढे दोघांच्याही नावामागे राजर्षी हे बिरुद लागले.

तसे म्हैसूर आणि मराठे यांचे नाते जुनेच. शहाजीराजांची जहागीर असलेले बेंगळुरू सतराव्या शतकाच्या अखेरीस वडियारांकडे गेले. कृष्णराजांचे सर्वांत नामांकित दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात घडले. १९१२ ते १९१८ या काळात या दिवाणाने आणि त्याच्या राजाने म्हैसूर बँक (१९१३) व म्हैसूर विद्यापीठ (१९१६) यांसारख्या संस्था उभारल्या. त्याआधीच, १९०५ मध्ये, बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले होते. भारतीय विज्ञान संस्थेसाठी ३७१ एकर जमीनही याच राजाने दिली. आज ज्या बेंगळुरूत मराठी तरुण संगणक अभियंता म्हणून जातो, त्या शहराचा पाया अशा निर्णयांनी घातला गेला.

सहभाग दिला, सत्ता नाही

राजकीय विश्लेषणाच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. विद्यापीठे आणि धरणे देणाऱ्या या राजाने प्रजेला मत कितपत दिले?

म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा १८८१ पासून दसऱ्याच्या सुमारास भरत असे. दिवाण रंगाचार्लू यांची ही कल्पना. गावोगावचे प्रतिनिधी येत, गाऱ्हाणी मांडत, दिवाण राज्याचा जमाखर्च वाचून दाखवीत. कृष्णराजांच्या कारकिर्दीत १९०७ मध्ये कायदेमंडळ स्थापन झाले. १९२३ च्या सुधारणांनी प्रतिनिधी सभेला कायद्याचा आधार मिळाला आणि स्त्रियांना मतदानाच्या हक्कातून वगळणारी अट दूर झाली. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी हे पाऊल १९२१ मध्ये उचलले होते; संस्थानी प्रदेशाच्या मानाने म्हैसूर मागे नव्हते, असेच म्हणावे लागेल. नोकऱ्यांतील ब्राह्मणेतरांच्या प्रमाणाचा विचार करण्यासाठी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली गेली. या प्रश्नावर विश्वेश्वरय्यांसारख्या दिवाणाशी मतभेद झाले, त्यांनी पद सोडले. तरी महाराज मागे हटले नाहीत.

असे असूनही या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट होती. मत देण्याचा अधिकार जमीनमहसूल भरणाऱ्यांना, मालमत्ताधारकांना आणि शिकलेल्यांना होता. शेतमजूर, गिरणी कामगार, कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरणारा माणूस यांचे बोट कोणी पाहणार नव्हते. शिवाय सभेला प्रश्न विचारता येत, ठराव करता येत. दिवाणाला घरी पाठविता येत नसे. दिवाण नेमायचा तो राजानेच.

ही कोंडी १९३८ मध्ये फुटली. मद्दूरजवळच्या शिवपुरा येथे एप्रिलमध्ये म्हैसूर काँग्रेसने मनाई मोडून तिरंगा फडकविला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला विदुराश्वत्थ येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेकांचे बळी गेले. आदर्श संस्थान म्हणून नावाजलेल्या राज्याच्या प्रतिमेला हा मोठा तडा होता. पुढे तडजोड झाली, ध्वजाला मान्यता मिळाली, घटनासुधारणांसाठी समितीही नेमली गेली. परंतु मंत्रिमंडळ लोकप्रतिनिधींना जबाबदार असावे, ही मूळ मागणी राजाच्या हयातीत मान्य झाली नाही. १९४० च्या मार्चमध्ये धाकटे बंधू युवराज कंठीरव नरसिंहराज यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ३ ऑगस्ट १९४० रोजी, बेंगळुरूच्या राजवाड्यात कृष्णराजांनी देह ठेवला. त्यांना अपत्य नव्हते. पुतणे जयचामराजेंद्र गादीवर आले. जबाबदार राज्यपद्धतीसाठी स्वातंत्र्यानंतरही ‘म्हैसूर चलो’चे आंदोलन करावे लागले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

कृपा आणि हक्क

कृष्णराजांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळायला हवीत. राजाने सारे दिले, असे म्हणणे विदुराश्वत्थच्या मृतांवर अन्याय करणारे आहे. राजाने काहीच दिले नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे. प्रौढ मताधिकार राज्यघटनेने दिला. तो कुणाच्या कृपेने आला नाही. पण मताधिकार कागदावरून गावात पोहोचविण्यासाठी याद्या लिहिणारे कारकून, केंद्रावर बसणारे शिक्षक, वेळेवर माल पुरविणारे कारखाने लागतात. १९१३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणाऱ्या आणि राज्याच्या मालकीचे उद्योग उभारणाऱ्या म्हैसूरने अशी यंत्रणा मागे ठेवली. आज मतदान यंत्रे बनविणाऱ्या दोन सार्वजनिक उपक्रमांपैकी एक, भारत इलेक्ट्रॉनिक्स, बेंगळुरूतच आहे, याची संगतीही येथेच लागते.

या शाईचा स्वभावही लक्षात घेण्याजोगा आहे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर पडून उजेड लागला की काळसर होते आणि धुऊन जात नाही. नखावरील खूण तर नख वाढेपर्यंत टिकते. ही खूण करून घेण्यास नकार देणाऱ्याला मत देता येत नाही. मात्र एखाद्याला डावी तर्जनीच नसेल, तर नियम त्याला परत पाठवीत नाही. डाव्या हाताचे दुसरे बोट, तेही नसेल तर उजव्या हाताचे, आणि दोन्ही हातांना बोटेच नसतील तर हाताच्या उरलेल्या टोकावर खूण करावी, असे निवडणूक नियम सांगतात. करवत गिरणीत बोटे गमावलेला मजूरही मतदार आहे, हे या रुक्ष तरतुदीत गृहीत धरलेले आहे. हीच शाई २०१६ मध्ये नोटा बदलून घेण्यासाठी बँकांत उभ्या राहिलेल्यांच्या बोटांना लावली गेली आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात घरी विलग राहणाऱ्यांच्या हातावर शिक्क्यासाठी वापरली गेली. मतदाराची मानाची खूण अशा वेळी संशयाची खूण झाली, ही गोष्ट अनेकांना खटकली, ती उगाच नव्हे.

आता प्रश्न उरतो तो आपला. २६ एप्रिल २०२४ रोजी बेंगळुरू शहरातील उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही मतदारसंघांत मतदान ५५ टक्क्यांच्या आत राहिले. कर्नाटक राज्याचा आकडा मात्र ७० टक्क्यांच्या आसपास होता. या तफावतीचे एक कारण स्थलांतरितांच्या नावांत दडलेले आहे. साताऱ्याचा किंवा लातूरचा माणूस बेंगळुरूत वा दिल्लीत दहा-दहा वर्षे राहतो. नाव मात्र गावच्या यादीत असते. मतदानाला गावी जाणे जमत नाही आणि इथे नाव नाही. कायदा एकाच ठिकाणी, जिथे आपण सामान्यतः राहतो तिथे, नाव ठेवू देतो. स्थलांतराची नोंद नमुना ८ भरून करता येते. अधिकाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. दिवसभर इतरांच्या बोटांना शाई लावणारा कर्मचारी टपाली मतपत्रिकेचा किंवा कर्तव्य प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत न केल्याने स्वतः कोरड्या बोटाने घरी परततो, असे प्रत्येक निवडणुकीत घडते.

कृष्णराजांच्या काळी यादीत नाव येण्यासाठी महसुलाची पावती, मालमत्ता किंवा पदवी दाखवावी लागे, आणि ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्यांच्यासाठी शिवपुरा व विदुराश्वत्थ येथे लोक उभे राहिले. आज भारतीय नागरिकाला वय आणि राहण्याचा पत्ता एवढेच दाखवावे लागते. ते दाखविण्याचे कष्ट तरी आपण घेतले पाहिजेत.