विश्लेषण : दोन वर्षे न खपलेला नांगर गावोगावी कसा पोहोचला? लक्ष्मणराव किर्लोस्करांना जनसंपर्काचा उपयोग काय झाला?

माल चांगला असला की ग्राहक आपोआप येतो, असा समज नव्या उद्योजकांमध्ये आजही आढळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अनुभव नेमका उलट आहे. त्यांचा लोखंडी नांगर उपयोगी होता, तरी पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे याच नांगराच्या जोरावर एक कारखाना, एक वसाहत आणि मराठीतले एक गाजलेले मासिक उभे राहिले. आज ज्याला ‘पीआर’ म्हणतात, ते काम या उद्योगात कोणी आणि कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मणराव कारखानदारीत कसे आले?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ‘संगीत शाकुंतल’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे, त्यामुळे मराठी घरांना हे आडनाव नांगराच्या आधी नाटकामुळे ठाऊक होते. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात ते शिकायला गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली. तिथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी ती सोडली.

दरम्यान बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. ती विकायची तर आधी चालवायला शिकवावी लागे आणि रामूअण्णा ग्राहकाला शिकवत. वस्तू हातात देऊन मोकळे न होता ती वापरता येईपर्यंत ग्राहकासोबत राहायचे, ही सवय किर्लोस्करांना इथे लागली असे म्हणायला हरकत नाही. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग नांगर.

शेतकरी लोखंडी नांगर का घेत नव्हते?

लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर नकारामागे हिशेबही दिसतो. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर तोच दुरुस्त करी आणि त्याला बलुते धान्यात मिळे. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार. त्याचा फाळ झिजला तर काय करायचे, मधेच मोडला तर कोणाकडे जायचे? पेरणीच्या तोंडावर औत बंद पडले तर वर्ष हातचे जाते. ज्याचे घर एका हंगामावर चालते, त्याने अनोळखी कारखान्याच्या शब्दावर पैसे का टाकावेत?

या शंकेला छापील जाहिरात पुरी पडणारी नव्हती, कारण बहुतेक ग्राहकांना वाचताच येत नव्हते. नांगर शेतात चालवून दाखवणे हाच मार्ग होता. लोखंडी नांगर माती खोलवर उलथतो, हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या वर काढून उन्हात पाडतो. हे बांधावर उभे राहून पाहिलेल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी त्या रानात पीक उभे राहिले की जमीन नासली नसल्याचेही सगळ्या गावाला दिसते. मात्र त्यासाठी एक अख्खा हंगाम थांबावे लागते. विक्रीला लागलेला वेळ त्यामुळे नुसता वाया गेलेला नव्हता. विश्वास बसायला तेवढी मुदत लागतेच. अडचण एवढीच, की तोवर कारखान्यातील माणसांचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न कोणाला चुकत नाही.

बेळगाव सोडावे लागल्यावर काय झाले?

धंदा जरा मार्गी लागतो तोच बेळगाव नगरपालिकेने शहरवाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. हा घाव जिव्हारी लागणारा होता. यंत्रे हलवायची, तर न्यायची कुठे?

या वेळी एक जुने काम उपयोगी पडले. औंधला सभामंडप बांधण्याचे कंत्राट लक्ष्मणरावांनी घेतले होते. त्या निमित्ताने औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. माणूस काम कसे करतो, शब्द कसा पाळतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जागा देऊ केली आणि भांडवलासाठी कर्जाचीही सोय केली. ही ओळख ओढूनताणून जोडलेली नव्हती, ती कामातून झाली होती; म्हणूनच अडचणीच्या वेळी टिकली.

१० मार्च १९१० रोजी २५ कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर घरे, शाळा, पाणी अशा सोयी हळूहळू होत गेल्या. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले गेले. त्या काळी हे धाडसाचेच होते. वाडीची माहिती घेऊन परत जाणारा प्रत्येक पाहुणा नांगरासोबत या गोष्टीही सांगत असणार, हे उघड आहे.

महायुद्धात ओळखी कशा कामी आल्या?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायती मालाची आवक आटली. देशी नांगराला मागणी वाढली, पण ओतकामाला लोखंड मिळेना. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज तेव्हा मदतीला आले. संस्थानातील जुन्या, निकामी तोफा त्यांनी दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. दगडी कोळशाच्या टंचाईत लाकडी कोळशावर भट्टी चालवली गेली.

कारखान्याने मासिक का काढले?

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. कुटुंबाच्या धंद्याला आता भागधारक, दूरदूरचे विक्रेते आणि कधीही न भेटलेले ग्राहक, असा मोठा गोतावळा मिळाला. रामूअण्णांनी हात धरून सायकल शिकवावी तसे प्रत्येकाला भेटणे शक्य नव्हते. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे शंवाकि, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. शंवाकि मूळचे चित्रकार. कारखान्याच्या विक्रीचे आणि जाहिरातींचे काम ते पाहत.

सुरुवातीचे रूप साधे होते. कारखान्यात काय चालले आहे, कोणते अवजार आले, ते कसे वापरायचे, अशी माहिती विक्रेत्यांना आणि ग्राहकांना पाठवायची. अशी पत्रके अनेक कंपन्या काढतात आणि बहुतेक न उघडता रद्दीत जातात. ‘खबर’चे तसे झाले नाही, कारण शंवाकिंनी कारखान्यापेक्षा वाचकाकडे अधिक लक्ष दिले. उद्योग, प्रवास, आरोग्य, व्यंगचित्रे, कथा, समाजसुधारणा असे विषय येऊ लागले. यंत्राविषयी बोलायचे तर यंत्र वापरणाऱ्या माणसाच्या घराविषयी आणि मनाविषयीही बोलावे लागते, हे त्यांना उमगले होते. पुढे नावातली ‘खबर’ गेली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. रूढींवर टीका करणारे लेख नांगर-चरकांच्या कारखान्याच्या नावाने छापले जात होते आणि त्यावर चिडणाऱ्यांत कारखान्याचे ग्राहकही असणारच. निव्वळ विक्रीचा विचार करणाऱ्या मालकाने संपादकाचा हात धरला असता.

यात लक्ष्मणरावांचा वाटा किती?

मासिकाचे श्रेय शंवाकिंचे, यात शंका नाही. लक्ष्मणराव यंत्रात रमणारे होते. स्वतःचे नाव गाजवण्यापेक्षा नांगराचा फाळ कसा टिकेल, याची त्यांना जास्त काळजी असे. पण पुतण्याच्या चित्रकलेला आणि लेखणीला कारखान्यात जागा मिळाली, ती त्यांच्यामुळे. शिवाय मासिकात ज्या वाडीविषयी लिहिले जाई ती खरीच तशी होती. पाहुणा येऊन पाहू शकत होता. लिहिणे आणि असणे यात फट पडली असती तर ‘खबर’ही इतर पत्रकांच्या वाटेने गेली असती.

या सदिच्छेने कारखाना सुरक्षित राहिला का?

नाही. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. जवळपास चार दशके आसपासच्या गावांशी जोडलेले संबंध त्या दिवशी आड आले नाहीत. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. माळावर उभे केलेले काम जळताना पाहण्याची वेळ त्या वयात त्यांच्यावर आली. जातीच्या रागापुढे मालाविषयीची आपुलकी किती लटकी पडू शकते, याचा हा कटू दाखला आहे आणि उद्योगाच्या यशोगाथांमध्ये तो बहुधा गाळला जातो.

कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे-मिरज मार्गावरील जुन्या कुंडल रोड स्थानकाच्या फलकावर आता किर्लोस्करवाडी हे नाव आहे.