विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि आपले जुने तलाव

आमचं दर्यापूर खारपाण पट्ट्यात येतं. विहिरींचं पाणी खारट, म्हणून नळाला शहानूर धरणाचं पाणी. सुटी मिळाली की चिखलदऱ्याचा शक्कर तलाव, नाहीतर अमरावतीचा वडाळी तलाव ठरलेला. तिथं गेल्यावर तलावाची पाळ, सांडवा याकडे कोण पाहतं? मीही पाहत नव्हतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं आयुष्य वाचलं आणि पाहायला लागलो.

ते मूळचे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे, पण इंजिनिअर झाले पुण्यात. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेशात काम करून पुढे पुण्यात आले. तिथं खडकवासल्याचं जास्तीचं पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जायचं. ते अडवायचं तर भिंत उंच करायची आणि जुन्या भिंतीवर भार टाकायचा. त्यांनी वेगळी वाट काढली. १९०३ मध्ये सांडव्यावरच स्वयंचलित दरवाजे बसले.

हे चालतं कसं? दरवाजा साखळीनं वजनाला आणि तरंगत्या फ्लोटला जोडलेला असतो. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते फ्लोटच्या विहिरीत शिरतं, फ्लोट हलतो आणि तोल बदलून दरवाजा उघडतो. पूर ओसरला की तो परत बंद. वीज नको, मध्यरात्री धावणारा माणूस नको. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही असे दरवाजे बसले.

१९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर त्यांनी हैदराबादसाठी पूरनियंत्रणाची योजना आखली. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

पण १२ जुलै १९६१ ला वरचं, काम अपुरं राहिलेलं पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही. तेही फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते, हयात होते. १४ एप्रिल १९६२ ला ते गेले.

मला यातून एवढंच समजलं: दरवाजा कितीही हुशार असो, तो ठरलेल्या पुरापुरताच असतो. आणि तोही साखळीला गंज चढला, विहिरीत गाळ भरला की अडतो. आपोआप चालतं म्हणजे देखभाल नको, असं नाही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली. पण तो १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. त्याहून लहान तलावांची काळजी त्यांच्या मालकांवरच.

म्हणून पुढच्या सहलीत मातीच्या पाळीवर एवढं पाहा: झाडं वाढलीत का, उंदीर-घुशींची बिळं आहेत का, पायथ्याशी गढूळ पाणी झिरपतंय का, सांडवा मोकळा आहे का. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून जातेय. दिसलं तर फोटो काढा आणि नगरपालिका किंवा पाटबंधारे कार्यालयात लेखी कळवा.