रेघ कुठं ओढायची?

लाखनीच्या आसपास धान कापणीला आला, की एखाद्या बांधीत खुंट्या, दोरी आणि वजनकाटा घेऊन उभी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. पीक कापणी प्रयोग! आखलेल्या छोट्या तुकड्यातलं धान झोडून मोजायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाच्या उत्पादनाचा अंदाज बांधायचा. पीक विम्याची भरपाईही त्याच्याशी जोडलेली. आता सांगा, दोरीवरच आलेलं रोप आत धरायचं की बाहेर?

हा प्रश्न आयुष्यभर गांभीर्याने घेतलेला माणूस म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसन कॉलेजातून थेट लंडन, 1936 मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. 1940 पासून ते दिल्लीत, कृषी संशोधन परिषदेत. गाव, शेत, तुकडा सगळं यदृच्छेने निवडायचं, कुणाची मर्जी चालवायची नाही, ही पद्धत त्यांनी देशभर रुजवली. तुकडा फार लहान घेतला तर काठावरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हेही दाखवलं. त्यावरून महालनोबिसांसारख्या दिग्गजाशी त्यांचं वाजलं.

1951 मध्ये ते रोमला अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी संचालक झाले. आता मोजायची होती जगाची भूक. 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढे पुण्यात आल्यावर मोठा वाद पेटला. सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक मिळणारा प्रत्येक जण उपाशीच असतो का? सुखात्मे म्हणत, नाही. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा आणि तिथं रेघ ओढा. पण रेघ खाली सरकली की कागदावरचे उपाशी लोक झपकन कमी होतात! पुण्यातल्याच वि. म. दांडेकरांना हे पटलं नाही. खरोखर उपाशी माणूसच यादीतून सुटला तर, ही टीकाकारांची भीती होती.

हे जुनं प्रकरण वाटतंय? मग मेंदूचं एफएमआरआय घ्या. चित्रात समजा एक लाख ठिपके आहेत. प्रत्येकाला 5 टक्के चुकीची मुभा दिली, तर मेंदूत काहीच घडत नसतानाही सरासरी पाच हजार ठिपके पेटलेले दिसतील. 2009 मध्ये अमेरिकी संशोधकांना तर चक्क मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूत असे ठिपके दिसले. रेघ कडक केल्यावर ते गायब झाले. पण फारच कडक केली तर खरा ठिपकाही हातचा जातो. म्हणजे पेच तोच, सुखात्मे आणि दांडेकरांचा.

सुखात्मे 1997 मध्ये गेले. यंदा कापणीच्या वेळी बांधीवर जा आणि दोरी कुठं बांधतात ते स्वतः बघा. दोरीवरच्या रोपाचं काय करता, हेही विचारा.