चिंतामणराव देशमुख : वनस्पतिशास्त्राचा पदवीधर ते रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर

आमच्या शाळेतून बाहेर पडून पदवी घेतलेली मुले-मुली अलीकडे एक नवाच प्रश्न घेऊन भेटायला येतात. इन्व्हेस्टमेंट बँकेत नोकरीसाठी अर्ज करायचा आहे, काय करू? पाच-सहा वर्षांपूर्वी हा शब्द बेळगाव-निपाणीच्या घरांत फारसा ऐकू येत नव्हता. आता बेंगळुरू, पुणे, मुंबईच्या कचेऱ्यांत आपली मुले काम करू लागली आहेत आणि धाकटी भावंडे त्यांच्याकडे पाहून अर्ज भरत आहेत. पालकांना मात्र बँक म्हटले की पासबुक, काउंटर आणि कर्जाचा हप्ता एवढेच डोळ्यांपुढे येते. म्हणून या अंकात आम्ही अशा एका मराठी माणसाचे चरित्र देत आहोत, ज्यांनी या देशाच्या बँकव्यवहाराची घडी बसवण्यात मोठा वाटा उचलला आणि ज्यांचे नाव सीमाभागातील जुन्या पिढीला एका वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. ते म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. आईचे नाव भागीरथीबाई. बालपण रोह्यात गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. त्या काळी मॅट्रिकला पहिला येणे म्हणजे साऱ्या इलाख्यात नाव होणे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले. पहिले महायुद्ध चालू होते. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी नैसर्गिक विज्ञान घेतले : वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली पदवी मिळाली, सोबत वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिकही.

इथे आम्ही पालकांना थोडे थांबवू इच्छितो. दहावीचा निकाल लागला की शास्त्र की वाणिज्य यावरून आपल्याकडे घराघरांत खल चालतो आणि कॉमर्स घेतले नाही म्हणजे बँकेचे दार बंद, असे धरून चालतात. देशाच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले भारतीय प्रमुख वनस्पतिशास्त्र शिकलेले होते. आजही मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका इंजिनिअर, गणिताचे पदवीधर, संख्याशास्त्राचे विद्यार्थी घेतात. ताळेबंद वाचता यावा लागतो हे खरे, पण तो पुढेही शिकता येतो.

त्या काळातल्या हुशार पदवीधराचे स्वप्न म्हणजे आयसीएस. ही परीक्षा तेव्हा फक्त लंडनमध्ये होत असे. भारतातही ती घेण्यास सुरुवात झाली ती १९२२ पासून. म्हणजे देशमुखांच्या वेळी आधी विलायतेचा खर्च आणि मग परीक्षा. किती मुलांची वाट त्या बोटीच्या भाड्यापाशीच अडली असेल! १९१८ साली चिंतामणराव या परीक्षेस बसले आणि इंग्रज उमेदवारांसकट सर्वांमध्ये पहिले आले.

आपल्या मुलांना आज करावे लागणारे अर्ज याहून फार वेगळे आहेत, असे आम्हाला वाटत नाही. अर्ज संगणकावर भरायचा, मग गणित आणि तर्काची चाचणी, मग एकामागून एक मुलाखती. जागा थोड्या, उमेदवार हजारो. बऱ्याच ठिकाणी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत काही आठवडे उमेदवारी करावी लागते आणि तिथे काम चांगले झाले तर पुढची नोकरी तिथेच मिळते. ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना उशिरा कळते. शेवटच्या वर्षाचा निकाल हाती आल्यावर ती अर्ज करायला निघतात, तेव्हा जागा भरून गेलेल्या असतात. बोटीचे भाडे आता लागत नाही, पण वेळेवर माहिती नसणे हा अडथळा त्याच जातीचा आहे. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी याकडे लक्ष द्यावे.

आयसीएस झाल्यावर देशमुखांची नेमणूक मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली. १९२० साली त्यांनी रोझिना या इंग्रज तरुणीशी विवाह केला. त्यांना एक मुलगी झाली. पुढची जवळजवळ वीस वर्षे जिल्ह्याच्या कारभारात, जमीन महसुलाच्या फेरआकारणीत आणि सचिवालयात गेली. जमिनीची प्रत, पिकाचे उत्पन्न, शेतकऱ्याची देण्याची ताकद हे सारे गावोगाव फिरून तपासायचे आणि त्यावरून आकार ठरवायचा, असे ते काम. कागदावरचा आकडा आणि बांधावरचा माणूस यांचा मेळ घालण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिव म्हणून काम केले. पुढे ते प्रांताचे अर्थसचिव झाले. १९३६ च्या सुमारास सर ऑटो निमायर प्रांतांच्या आर्थिक स्थितीची चौकशी करत होते. त्यांच्यापुढे देशमुखांनी मध्य प्रांताची बाजू इतकी नेटकी मांडली की त्यांच्या नावाकडे वरिष्ठांचे लक्ष गेले.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली होती. देशमुख तिथे गेले १९३९ साली, बँक आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून. काही महिन्यांतच ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले. त्यानंतर सहा महिने नेमणूक झाली नाही. सरकारी वर्तुळात एका भारतीयाच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी की नाही याचा विचार चालला नसेल असे म्हणवत नाही. शेवटी ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र असलेल्या त्या काळच्या नोटांवर त्यांची सही आहे. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत अशी नोट निघाली तर मुलांनी ती जरूर शाळेत आणून दाखवावी.

ही सहा वर्षे सोपी नव्हती. युद्धासाठी ब्रिटनने भारताकडून माल आणि सेवा घेतल्या आणि त्यांचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवले. हे येणे वाढत वाढत सुमारे १७०० कोटी रुपयांवर गेले. इथे नोटा छापून खर्च भागवला जात होता, भाव कडाडले होते, बंगालात १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जगातल्या ४४ देशांची परिषद भरली. युद्धानंतर चलनांचे व्यवहार कसे चालावेत हे ठरवायचे होते. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफही होते. ब्रिटनकडचे आपले येणे परत मिळण्याची काही सोय या परिषदेतच व्हावी, असा आग्रह भारतीय प्रतिनिधींनी धरला. तो मान्य झाला नाही. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्थांचा भारत संस्थापक सभासद झाला, तोही स्वातंत्र्याच्या आधी. पुढे दहा वर्षे देशमुख या संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते आणि १९५० साली पॅरिसला भरलेल्या त्यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

फाळणीत घर वाटले जावे तशी तिजोरीही वाटायची वेळ आली. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत, म्हणजे ३० जून १९४८ पर्यंत, दोन्ही देशांचे चलन रिझर्व्ह बँकच पाहत होती. दोन सरकारे एकमेकांवर संशय घेत असताना दोघांचाही हिशेब सांभाळायचा! १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी जूनअखेर देशमुख गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. रोझिनाबाईंचेही त्याच वर्षी निधन झाले.

१ जून १९५० पासून ते भारताचे अर्थमंत्री झाले. १९५२ ची निवडणूक त्यांनी आपल्या कुलाब्यातूनच लढवून जिंकली. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई घटना समितीच्या सभासद होत्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या होत्या आणि समाजकल्याणाच्या कामात त्यांचे नाव मोठे होते. नवऱ्याची बायको एवढीच त्यांची ओळख करून देणे आम्हाला योग्य वाटत नाही. जागा मिळाली तर पुढच्या एखाद्या अंकात त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहू.

आता ज्या मुलांना इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचे आहे त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. या बँका लोकांच्या ठेवी ठेवून घेत बसत नाहीत. एखाद्या कंपनीला कारखाना काढायचा असेल तर भांडवल कुठून आणि कोणत्या अटींवर उभे करायचे, शेअर काढायचे की कर्जरोखे, शेअरची किंमत काय धरायची, एक कंपनी दुसरीत विलीन होताना कुणाला किती द्यायचे, ही कामे त्या करतात. शेअर खपले नाहीत तर उरलेले आपण घेऊ अशी हमीही देतात. ५ जानेवारी १९५५ रोजी मुंबईत इंडस्ट्रियल क्रेडिट अँड इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच आयसीआयसीआय ही संस्था निघाली. जागतिक बँक, भारत सरकार आणि इथले उद्योगपती यांनी मिळून ती उभी केली आणि खाजगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे भांडवल देणे, त्यांच्या शेअरना हमी देणे हे तिचे काम होते. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १ एप्रिल १९५६ पासून लागू झालेला कंपनी कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. लोकांकडून पैसे मागणाऱ्या कंपनीने माहितीपत्रकात काय काय उघड सांगितले पाहिजे, संचालकांवर कोणती बंधने असावीत, हे त्यात तपशिलाने आले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला आणि सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. बेळगावच्या किंवा निपाणीच्या पेठेतून जाताना ज्या पाट्या आपण रोज वाचतो, त्यांतल्या काही अशा जुन्या आहेत.

सप्टेंबरात महामंडळ सुरू झाले तेव्हा देशमुख मंत्री राहिले नव्हते. जुन्या पिढीला त्यांचे नाव आठवते ते याच कारणाने.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. मुंबईत लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, आपल्या बेळगाव-निपाणीतही रक्त सांडले. हुतात्मा दिन आपल्या मुलांना ठाऊक आहे, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणे देशमुखांना अन्यायाचे वाटत होते. गोळीबाराची चौकशी करायलाही सरकार तयार नव्हते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून त्याची कारणे स्पष्टपणे मांडली. आयुष्यभर सरकारी शिस्तीत वाढलेला, चळवळीचा पिंड नसलेला माणूस होता तो. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती, देशाची सगळी आर्थिक सूत्रे हातात होती. ती ठेवून ते घरी गेले.

खरे सांगायचे तर त्यांच्या राजीनाम्याने सीमाभागाच्या पदरात काही पडले नाही. तो राजीनामा मुंबईसाठी होता. मुंबई १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आली आणि आपण १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेलो ते गेलोच. तरीही इथल्या माणसांनी देशमुखांना परके मानले नाही. दिल्लीत एवढ्या उंचीवर बसलेल्या कुणीतरी या प्रश्नासाठी खुर्ची सोडली, याचे अप्रूप त्यांना होते.

त्यानंतर देशमुख शिक्षणाकडे वळले. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. आमच्या मते त्यांनी त्या राजकारणात पडायला नको होते, पण हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे. १९७५ साली पद्मविभूषण मिळाले, त्याच वर्षी दुर्गाबाईंनाही मिळाले.

मराठी आणि संस्कृत त्यांनी कधी सोडले नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्य अनुवाद केला, संस्कृतात कविता लिहिल्या, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. बागेची आवड तर शेवटपर्यंत होती, केंब्रिजचे वनस्पतिशास्त्र वाया गेले नाही! मराठी शाळेत शिकल्यामुळे मुलाखतीत मागे पडू, अशी धास्ती आपल्या मुलांना असते. इंग्रजी चांगले बोलता-लिहिता यायलाच हवे, त्याला पर्याय नाही आणि ते आठवीपासून मनावर घेतले तर येते. मात्र त्यासाठी घरातली भाषा टाकावी लागत नाही.

ज्यांना खाजगी बँकांपेक्षा देशमुखांच्याच बँकेत जावेसे वाटते, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी अधिकारी परीक्षा आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो. गुणांची आणि वयाची अट त्या-त्या जाहिरातीत पाहावी. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तिचे तीन टप्पे आहेत.

दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे वारले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यांच्या स्मरणार्थ रिझर्व्ह बँकेने १९८४ पासून व्याख्यानमाला सुरू केली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ साली प्रसिद्ध झाले आहे. वरच्या वर्गांतील मुलांनी ते मिळवून वाचावे. आकडे पुष्कळ आहेत, पण कंटाळा आला तर रोह्याच्या आठवणींपासून सुरुवात करावी.