पडद्यावरचा फकिरा आणि झोपडीतले अण्णाभाऊ

1 ऑगस्ट आला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगावी साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांची जयंती होते. मिरवणूक निघते, दीड दिवसाच्या शाळेचा किस्सा सांगितला जातो आणि भाषण संपते. आम्हीही अशी भाषणे ठोकली आहेत. पण अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर सात मराठी चित्रपट निघाले, ही गोष्ट व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते.

अण्णाभाऊ 1920 साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मले. त्या वेळी इंग्रजांचा खजिना लुटून आलेल्या फकिराने बाळंतिणीला ओंजळभर रुपये दिले, अशी आठवण सांगितली जाते. ज्या जातीला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, तिच्यातला हा वीर अण्णाभाऊंनी 1959 साली कादंबरीत उभा केला आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लाल बावट्याचे म्हणून आपल्यातल्याच काहींनी अण्णाभाऊंना दूर ठेवले. त्यांनी निदान अर्पणपत्रिका तरी वाचायची होती!

बापाबरोबर पायी मुंबई गाठलेल्या या माणसाने गिरणीत काम केले, 1944 साली अमर शेख व गव्हाणकरांसह कलापथक उभारले आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून कादंबऱ्या लिहिल्या. 1961 साली 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'वैजयंता' पडद्यावर आली, 1963 साली 'फकिरा'. पुढे 'आवडी'चे नाव बदलून 'टिळा लाविते मी रक्ताचा' झाले, 'अलगूज'चे 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. हा शेवटचा चित्रपट 1974 चा. अण्णाभाऊ त्याआधीच, 18 जुलै 1969 रोजी, हलाखीत गेले होते.

सिनेमावाल्यांना कथा मिळाली, थिएटरवाल्यांना गर्दी मिळाली. लेखकाची गरिबी मात्र हटली नाही.

आम्ही वकिली करतो म्हणून कागदाचे बोलतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. शब्दावर दिलेला हक्क कोर्टात टिकत नाही. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत वाटा दिला. तो अण्णाभाऊंच्या हयातीत नव्हता. आज आपली पोरे आजोबांच्या आठवणींवर, चळवळीतल्या आत्मकथनांवर पटकथा लिहितात आणि करार न वाचता सही करतात. आमच्याकडे येतात ती सही झाल्यावर.

अण्णाभाऊंनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या साहित्याचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2029 रोजी संपेल. त्यानंतर 'फकिरा'वर कुणीही परवानगीशिवाय चित्रपट काढू शकेल. लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली, तर दाद मागण्याचा वारसांचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे.