भाकितांपलीकडचे खाशाबा

आंतरमहाविद्यालयीन सामने जवळ आले की नाशिकच्या प्राध्यापक-कक्षांतूनही भाकितांना ऊत येतो. अशा वेळी खाशाबा जाधवांचे स्मरण व्हावे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे हे विद्यार्थी तांबड्या मातीत घडलेले. तरीही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अपरिचित गादीवर लढून त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ च्या हेलसिंकीवारीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. अर्थशास्त्राच्या कोणत्याही हिशेबात हा व्यवहार शहाणपणाचा ठरला नसता! खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलीस खात्यात रुजू झाले. १९८४ साली अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.